पत्ता बदलला, नावं मात्र फुटली

आयपी पत्ता लपवणाऱ्या टोर प्रकल्पाच्या तपासणी-पानावर हिरवा कांदा दिसला, आयपी पत्ता जर्मनीतला निघाला, की माणसाला वाटतं काम फत्ते. माझ्या उबुंटूवर टोर, त्याच्यापुढे प्रिव्हॉक्सी हा प्रॉक्सी आणि फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.१, पोर्ट ८११८ एवढं बसवल्यावर मलाही तो कांदा दिसला. तरी शंका म्हणून शेजारच्या टर्मिनलमध्ये टीसीपीडंप लावलं आणि डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून काय बाहेर पडतंय ते पाहत बसलो. उघडेन त्या प्रत्येक साइटचं नाव उघड्या अक्षरांत माझ्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे चाललं होतं. म्हणजे गुपचूप गावाला निघायचं, पण रस्ता विचारायचा तो नेमका पोलीस पाटलाला!

कारण एका अक्षरात होतं. ज्या जुन्या कृतीवरून प्रिव्हॉक्सीची फाइल भरली, तिच्यात ‘फॉरवर्ड-सॉक्स४’ लिहिलं होतं. त्या प्रकारात साइटच्या नावाचा आकडी पत्ता प्रिव्हॉक्सी स्वतःच शोधतो आणि मग तो आकडा टोरला देतो. ‘४’च्या पुढे ‘ए’ असता, किंवा सरळ ‘सॉक्स५टी’ असतं, तर नावच टोरच्या हाती गेलं असतं. (त्या ओळीच्या शेवटी एक सुटं टिंब लागतं; ते छपाईची चूक समजून खोडू नका.) फायरफॉक्स प्रिव्हॉक्सीशिवाय थेट ९०५० पोर्टला जोडणार असाल, तर ‘सॉक्स व्ही५’ निवडा आणि डीएनएसही प्रॉक्सीतूनच जाईल ती खूण टिकवा. टोरच्या लॉगमध्ये याबद्दल स्पष्ट इशारा येतो. पण कांदा दिसल्यावर लॉग वाचतो कोण?

हे दुरुस्त केल्यावरही मी ती जोडणी मोडलीच. प्रॉक्सी एका ब्राउझरपुरता असतो. मेलचं ॲप, अपडेट, पाठीमागे चालणारं बाकी सगळं आपल्या खऱ्या पत्त्यावरूनच जात राहतं. शिवाय फायरफॉक्समधला वेबआरटीसी, बसवलेले फॉन्ट, खिडकीचं माप यांवरून तुमचं यंत्र वेगळं ओळखता येतं. प्रिव्हॉक्सीची खरी कमाई जाहिराती आणि हेडर गाळण्याची. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्याने त्याला मुळात आत फारसं दिसतच नाही. म्हणून कुणी विचारलं की सांगतो, टोर ब्राउझर टोर प्रकल्पाच्याच साइटवरून उतरवून घ्या, फाइलची सही तपासा, आणि त्यात एकही एक्स्टेन्शन घालू नका. खिडकी मोठी केली की कडेला राखाडी पट्टे येतात, ते मुद्दाम ठेवलेले आहेत.

मात्र टोर काय झाकत नाही, हे बसवण्याआधी समजलं पाहिजे. तुमची माहिती तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जाते आणि शेवटच्या रिलेवर टोरचं कुलूप निघतं. साइट एचटीटीपीएसवर नसेल, तर तो रिले चालवणारा सगळं वाचू शकतो. २००७मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तज्ज्ञाने असे काही शेवटचे रिले स्वतः चालवून अनेक देशांच्या वकिलातींच्या ईमेलचे पासवर्ड मिळवले आणि जाहीर केले. त्यांत भारतीय वकिलातीही होत्या. ‘फुकट प्रॉक्सी’च्या याद्यांतून उचललेल्या सर्व्हरचा मालक कोण, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. तिथे पासवर्ड टाकण्यापेक्षा उघड्याने फिरलेलं बरं.

दुसरी गोष्ट, टोर वापरताय हे लपत नाही. डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टोरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टोर कोण वापरत होतं, एवढं पाहूनच पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. कुलूप कुणी फोडलंच नाही.

व्हीपीएनवाल्यांचं थोडक्यात: तिथे इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनी पाहते, एवढाच फरक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशात ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले.

आणि बँक, आयकर, रेल्वेचं तिकीट यांसाठी नेहमीचाच ब्राउझर वापरा. तिथे तुमचं नाव आधीच नोंदलेलं आहे, लपवायचं काय? उलट सकाळी पुणे आणि दुपारी रुमानिया असं लॉगिन दिसलं की खातं अडकू शकतं, आणि मग ते सोडवायला आधार-पॅन घेऊन शाखेत उभं राहावं लागतं.