दुसऱ्या सहीच्या आधी

संमतीनं घटस्फोट म्हणजे दोन सह्या आणि मोकळे, असं आमच्या घरी सगळेच म्हणत होते. मूल नव्हतं, पोटगीचा वाद नव्हता. होतं ते गृहकर्ज.

फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं. संमतीच्या अटींत लिहिलं : फ्लॅट त्याला, हप्ते तोच भरेल. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात डिक्री झाली. पुढे स्कूटरसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा कळलं की हप्ते थकलेत आणि माझा सिबिल स्कोअर पार घसरलाय. बँकेतल्या बाईंनी डिक्री शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि माझ्याकडे सरकवली. "मॅडम, हे तुमचं आपसातलं. आमच्या कागदावर सह्या दोघांच्या आहेत." बाईंचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

तेव्हा कर्जातून नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय दुसऱ्या तारखेला उभं राहू नका. घर एकाच्या नावावर करायचं तर बँकेची ना-हरकत घेऊन डिक्रीआधीच करा. नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. डिक्रीनंतर ते नातंच उरत नाही.

दुसरी तारीख म्हणजे काय, तेही सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली अर्ज करायला आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मग दुसरी तारीख आणि दुसरी सही. 2017च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं. मधल्या काळात कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेली रक्कम पहिल्याच सहीला पूर्ण देऊ नये. काही आधी, उरलेली दुसऱ्या तारखेला डिमांड ड्राफ्टनं.

दागिन्यांसाठी लग्नाचा अल्बम काढा. माझ्या पाटल्या आणि तोडे "आमच्याकडचेच" ठरायच्या बेतात होते. सोनाराची पावती आणि हळदीचा फोटो शेजारी ठेवल्यावर विषय मिटला. स्त्रीधन बाईचंच, पण लॉकरची किल्ली सासूबाईंकडे असेल तर यादी आधी करावी.

पोटगीचा वाद असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्याच 2020च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं घर सोडण्याआधीच गोळा करा. नंतर कपाट उघडायला कोणी देत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे शिकल्या-सवरल्या बायकांनाही ठाऊक नसतं.

डिक्रीच्या प्रमाणित प्रती तीन-चार काढा. विमा, बँकेतल्या ठेवी, भविष्य निर्वाह निधी, सगळीकडचं नॉमिनेशन स्वतः जाऊन बदला. तिथलं जुनं नाव कोणी आपणहून खोडत नाही.