बैलाचे पाय का तडकतात?

प्रश्न : अकोल्यात बँकेत नोकरीला आहे. संध्याकाळी घरी आलो की शेतातली काळी माती कालवून बैल करत बसतो. डोकं शांत होतं. पण सकाळी पाय तडकलेले असतात. काय चुकतं?

उत्तर : दोष तुमच्या हातात नाही, मातीत आहे. वऱ्हाडातली कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याचमुळे. माती भिजवून गाळून घ्या. तीन वाट्यांना एक वाटी बारीक रेती आणि मूठभर कागदाचा लगदा घालून चांगली मळा.

खरी मेख पायांत आहे. ते बारीक, म्हणून आधी वाळून आकसतात. धड ओलंच असतं, आणि जोडावर ताण येतो. पाय आखूड, जाड ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजू काडीने खरवडून ताकासारखी पातळ माती लावा आणि दाबा. रात्रभर ओलसर फडक्याखाली, मग सावलीत. कूलरच्या झोतात मुळीच नको!

शाडू कमी तडकते. पण पोळ्याचा बैल आपल्याच शेतातल्या मातीचा असावा, असं मला मनापासून वाटतं. एका बैठकीत संपवायची घाईही करू नका. अर्धा राहिला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, दुसऱ्या संध्याकाळी शिंगं लावा.