पहिले धुवण शेतात घेऊ नका



मृगाचा पाऊस झाला, नदीला पाणी आले, की मोटार सुरू करण्याची घाई होते. मात्र आपले शेत मोठ्या शहराच्या खालच्या अंगाला असेल, तर थोडे थांबावे. पुण्यात मुळा व मुठा एकत्र येतात. पुढे मुळा-मुठा मांजरी, थेऊर भागातून वाहत रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. शहरावर पडलेला पाऊस असा आपल्या जॅकवेलपर्यंत पोहोचतो. "पाणी गढूळ आहे, काळे नाही; मग भ्यायचे कशाला?" असा प्रश्न शिवारात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर येथे देत आहे.

पाणी किती येते?
एक हेक्टरवर २५ मि.मी. पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी. नांगरलेल्या रानात त्यातील बराच भाग मुरतो. डांबर, काँक्रीट व छपरांवरून मात्र ८० ते ९० टक्के पाणी लगेच वाहून जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातील आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने हा वेग किती घातक असतो ते दाखवले.

त्यात काय असते?
उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, सांडलेले तेल, टायरच्या झिजेतील जस्त, ब्रेकमधील तांबे, जनावरांची विष्ठा आणि तुंबलेल्या गटारांतील मैला. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या जुन्या मातीत शिसे टिकून राहते. ही घाण सर्वांत जास्त पहिल्या लोंढ्यात येते. यालाच पहिले धुवण म्हणावे. पावसाने मोठी उघडीप दिली, की घाण पुन्हा साचते.

परीक्षण कसे करावे?
एक नमुना पहिल्या लोंढ्याचा, दुसरा पाणी निवळल्यावर आणि तिसरा काठच्या विहिरीचा घ्यावा. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी, ती विसळू नये. हा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा.

येथे एक चूक नेहमी होते. पावसाळी पाण्यात क्षार कमी असतात. त्यामुळे केवळ क्षारतेचा अहवाल चांगला आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. विष्ठाजन्य जंतू व जड धातू यांची तपासणी स्वतंत्र करून घ्यावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मि.लि. पाण्यात विष्ठाजन्य जंतू १,००० पेक्षा जास्त नसावेत, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सुचवली होती.

व्यवस्थापन
१. लोंढा ओसरून पाणी निवळेपर्यंत मोटार बंद ठेवावी. मोठ्या उघडिपीनंतरच्या जोरदार पावसातही हाच नियम पाळावा.
२. फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळापासून वर ठेवावा. नाल्याच्या मुखाजवळ उपसा करू नये.
३. पाणी आधी लहान खड्ड्यात निवळू द्यावे, मग शेततळ्यात सोडावे. धातूंचा मोठा भाग बारीक गाळाला चिकटलेला असतो, तो खाली बसतो. जंतू मात्र केवळ निवळण्याने जात नाहीत.
४. कोथिंबीर, मुळा, काकडी, पालक यांना हे पाणी देऊ नये. उसाला सरीने द्यावे. तुषार सिंचन टाळावे.
५. नाल्याचा किंवा खड्ड्याचा गाळ तपासल्याशिवाय रानात पसरू नये. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी धातू धरून ठेवतात. एकदा साचलेला धातू सहजी काढता येत नाही.
६. नाल्याकडील बांधावर वाळा किंवा मारवेल गवताचा पट्टा लावावा.
७. भाजी नदीत धुऊ नये. पाण्यात काम करताना गमबूट वापरावेत.

शहराचे काम
पावसाळ्यापूर्वी गटारातून काढलेला गाळ काठावर न ठेवता लांब नेणे, छपराचे पाणी जमिनीत जिरवणे, ओढे मोकळे ठेवणे ही कामे शहराची आहेत. काठच्या ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन आपले अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व महापालिकेकडे लेखी द्यावेत. तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार आकडे अधिक उपयोगी पडतात.

बंधूंनो, आपली मेथीची जुडी बाजारात जाते, तशी ती आपल्या मुलांच्या ताटातही येते. पहिल्या लोंढ्याला मोटार चार दिवस उशिरा सुरू झाली तर थोडी ओढ बसेल, पण जमीन आणि घर दोन्ही सुरक्षित राहतील.