मोठे टायर, चाकाची चकती आणि उसाची वाहतूक



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरची डागडुजी सुरू होते. उमरखेड, महागाव, पुसद या भागातली आपली रानं काळी आणि खोल. पैनगंगेच्या काठची आणि कालव्याखालची जमीन पाणी धरून ठेवते. अशा रानात भरलेली ट्रॉली रुतली की दिवस वाया जातो, माणसंही थकतात. मग कोणीतरी सांगतो, "मोठे टायर टाका, अन् मडगार्डला घासले तर मधात चकती बसवून घ्या." सल्ला सोपा वाटतो. पण त्यात पैशाचा आणि जिवाचाही प्रश्न आहे, म्हणून या अंकात आपण हा विषय मुळापासून समजून घेऊ.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

मागच्या टायरवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. १३.६-२८ च्या जागी १४.९-२८ टाकला तर टायरची एकूण उंची साधारण १३१ सेंटिमीटरवरून १३६-१३७ वर जाते. ही वाढ सुमारे चार टक्के झाली. पण ट्रॅक्टर तेवढा उचलला जात नाही, त्याच्या निम्माच म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर उचलला जातो. रुंद टायरचा खरा फायदा म्हणजे वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक कमी रुतते.

आता तोटा पाहू. चाक मोठे झाले की त्याच गिअरमध्ये वेग चार टक्के वाढतो आणि ओढ तेवढीच कमी होते. ब्रेकची पकडही त्याच प्रमाणात घटते. पुसदकडच्या चढ-उतारावर भरल्या ट्रॉलीमागे ही घट लहान समजू नये. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचा मेळ कंपनीने बांधून दिलेला असतो. नुसते मागचे टायर बदलले तर हा मेळ मोडतो, पुढचे टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधात फुगतो आणि लवकर झिजतो. रिमला कोणता टायर चालतो, हे आधी विचारून घ्यावे.

चकती म्हणजे काय आणि ती काय करते?

चकती, म्हणजेच स्पेसर, हे हब आणि चाकाची डिस्क यांच्यामध्ये बसवायचे जाड लोखंड. त्याने चाक बाहेर सरकते आणि टायर मडगार्डला किंवा लिफ्टच्या साखळीला घासत नाही. पण बंडीचा आस आठवा. चाक आसाच्या टोकाकडे जितके सरकेल, तितका आस वाकायला बघतो. एका मागच्या चाकावर १००० किलो भार आहे आणि चकती ५ सेंटिमीटरची आहे असे धरू. मग एक मीटर लांब पहारीच्या टोकाला ५० किलोचे पोते लटकवावे, तेवढा जादा जोर एक्सलवर आणि बेअरिंगवर येतो. हा हिशेब उभ्या ट्रॅक्टरचा झाला. खड्ड्यात चाक आदळले की तो कितीतरी वाढतो.

दुसरी गोष्ट स्टडची. डिस्क आणि हब घट्ट आवळलेले असतात, म्हणून भार त्यांच्या घर्षणाने पेलला जातो. स्टडचे काम आवळून धरण्याचे असते. मधात चकती आली की एका जोडाचे दोन जोड होतात. एक जरी सैल पडला तरी स्टड हलू लागतो, आणि हलणारा स्टड आज ना उद्या तुटतोच. स्टड तेच ठेवून नुसती चकती घुसवली तर नटाला आटे कमी पडतात. स्टडची जेवढी जाडी, निदान तेवढे आटे नटात गेलेच पाहिजेत. वॉशर एकावर एक रचून चाक बाहेर काढणे, हा तर जिवाशी खेळ आहे.

चकतीआधी हे करा

बहुतेक दोनचाकी जोराच्या ट्रॅक्टरला चाकांमधील अंतर बदलण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. डिस्क आणि रिम उलटसुलट बसवून हे अंतर चार-चार इंचांनी वाढवता येते. अनेक ट्रॅक्टरांत ते ४८ इंचांपासून ७२ इंचांपर्यंत किंवा त्याहून पुढे जाते. या मर्यादेपर्यंतचा भार धरूनच एक्सल बनवलेला असतो. चाक उलटवताना डावे-उजवे अदलाबदल करावे लागते. टायरवरच्या नक्षीचे टोक आधी जमिनीला टेकले पाहिजे.

ऊस उत्पादकाला याचा आणखी एक उपयोग आहे. चार फुटी सरीला ४८ इंच, पाच फुटी सरीला ६० इंच आणि तीन फुटी सरीला ७२ इंच अंतर ठेवले तर चाक सरीतून चालते, उसावरून जात नाही. तीन फुटी सरीत १३.६ चा टायर दोन्ही बाजूंना सुमारे ११ इंच जागा सोडतो, तर १६.९ चा टायर साडेनऊच इंच. म्हणून फार रुंद टायर खोडव्याच्या मुळावरही येऊ शकतो.

याशिवाय बिनखर्चाचे तीन उपाय आहेत. पहिला, तोडणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे. दुसरा, टायरमध्ये हवा पुस्तकात सांगितली तेवढीच ठेवावी. जादा हवेचा टायर काळ्या रानात सुरीसारखा रुततो. पण रस्त्यावर भार ओढायचा असेल तेव्हा हवा पुन्हा वाढवावी. तिसरा, रान ओले असेल तर ट्रॉली आत न नेता बांधावर उभी करून मोळ्या बाहेर आणाव्यात.

तरीही चकती लागलीच तर

कंपनीची किंवा त्याच मापाची, हबच्या मध्यावर नेमकी बसणारी, दोन्ही तोंडे सपाट असलेली चकती घ्यावी. जोडाच्या तोंडाला रंग, गंज किंवा माती नसावी. स्टड लांब आणि योग्य जातीचेच हवेत. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. तासा-दोन तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावेत आणि पहिला आठवडा रोज बघावेत. नटाभोवती गंजाची लाल रेघ दिसली तर जोड हलतो आहे असे समजून ट्रॅक्टर थांबवावा. चकतीवरचा ट्रॅक्टर हलक्या आंतरमशागतीपुरताच वापरावा. त्याला उसाची ट्रॉली लावू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पुढच्या चाकाला चकती लावली की खड्ड्याचा हिसका थेट स्टिअरिंगवर येतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे.

बंधूंनो, टायर मोठा झाला म्हणून ट्रॅक्टर मोठा होत नाही. त्याचा एक्सल, ब्रेक आणि क्लच तेवढेच राहतात. रस्त्यावर चाक निखळले तर नुकसान एका मालकाचे राहत नाही. ट्रॉलीवर बसलेला तोडणी मजूर आणि समोरून येणारा वाटसरू यांचाही जीव त्यात असतो. म्हणून हंगामाची पहिली खेप निघण्याआधी प्रत्येकाने चाकाचा नट न् नट स्वतः पाना लावून पाहावा, ही विनंती.