विद्येचे कृपणत्व

कृपण म्हटला की धन पुरून बसलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. तथापि त्याहून सूक्ष्म असे विद्येचेही कृपणत्व आहे. धन झाकणाऱ्यास लोक नावे ठेवतात. विद्या झाकणाऱ्यास मात्र पुष्कळदा मान देतात. म्हणून साधकाने हा दोष विशेषत्वे ओळखावा.

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी एका रेड्याची समाधी आहे. परंपरा सांगते ती कथा अशी : पैठणचा ब्रह्मवृंद श्रीज्ञानदेवादी भावंडांस शुद्धिपत्र देईना. सर्वांभूती एकच आत्मा आहे, असे ज्ञानदेव म्हणाले, तेव्हा कोणी जवळच्या रेड्यावर आसूड ओढले; वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटले. मग त्याच रेड्याच्या मुखातून वेद प्रकटला आणि ब्रह्मवृंद नमला. शुद्धिपत्राचा शक १२०९, म्हणजे इ. स. १२८७, सांगतात. पुढे आळंदीकडे जाताना तो रेडा आळे येथे निवर्तला.

यातील क्रम लक्षात घ्यावा. आधी वळ, मग वेद. परपीडा आपली झाल्यावाचून हात मोकळा होत नाही. करुणा हे कारण. औदार्य हे कार्य.

त्याच शतकात आपल्या पंथातही हे घडले. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्याभिमानी पंडित. परंतु सर्वज्ञांच्या लीळांसाठी ते जाणत्यांच्या दारोदार फिरले आणि मिळाले ते मराठीत सर्वांस दिले. केशोबासांनी संस्कृताची वाट धरू पाहिली, तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी अडविले. कारण त्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. एवढी करुणा होती, म्हणून ग्रंथ मराठीत राहिले.

मग पुढे पोथ्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत का गेल्या? हेतू रक्षणाचा होता. पोथ्या वाचल्या, परंतु वाचक उणावले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या, आणि महाराष्ट्रास आपल्या आद्य गद्याची ओळख पटली.

तर रक्षण कोणते व कृपणत्व कोणते? भय सरताच रक्षण थांबते. कृपणत्व भय सरल्यावरही निमित्त शोधते. आपल्या मठात वा घरी एखादी वृद्धा वचनाचा अर्थ विचारते आणि आपण ‘तुला कळायचे नाही’ म्हणतो, तेव्हा आपण कोणत्या बाजूस आहो, हे अनुसरलेल्यांनी व वासनिकांनी आपल्या मनास विचारावे.

दंडवत प्रणाम.