पांढरा खडा, नग एक

सराफाच्या पेढीवरच्या मुलाने पावती फाडून हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं : ‘लेडीज अंगठी, पांढरा खडा, नग १, क्लीनिंग.’ अंगठी अठरा कॅरेटची, वर तीस सेंटचा हिरा, हिऱ्याचं प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट माझ्या पर्समध्ये. आणि पावतीत मात्र तो पांढरा खडा. त्या जागी अमेरिकन डायमंड बसून आला असता, तरी पावती खरीच ठरली असती. मी ती परत केली आणि नीट लिहून द्या म्हटलं.

“ताई, आमच्यावर विश्वास नाही का?”

या प्रश्नापुढे भले भले गप्प बसतात. आपल्याकडे सराफ जवळजवळ घरचा असतो. सासूबाईंच्या पाटल्या त्याच पेढीवर घडलेल्या, बारशाचे वाळे तिथलेच. विश्वास मलाही होता, नाहीतर पायरी चढलेच नसते. पण मी राहते रे रोडला. तिथल्या दारूखान्याच्या भंगारबाजारात ट्रकसुद्धा आधी रिकामा आणि मग भरलेला काट्यावर चढतो, वजनाची चिठ्ठी निघते, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. गंजक्या लोखंडाला जो मान, तो हिऱ्याला मिळायला काय हरकत आहे?

शेवटी मालक स्वतः उठले. अंगठीचं वजन मिलिग्रॅमपर्यंत लिहिलं, ‘हिरा, ३० सेंट’ लिहिलं, सर्टिफिकेटचा नंबर लिहिला आणि माझ्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली : ‘फक्त सफाई, खडा काढू नये.’ पेढी लालबागच्या बाजूची आहे, एवढंच सांगते.

अंगठी संध्याकाळी मिळणार होती. संध्याकाळी कळलं, ती झवेरी बाजारात गेली आहे. उपनगरांतल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी पेढ्यांचं काम असंच बाहेर जातं. मुंबादेवीच्या आसपास, काळबादेवी-भुलेश्वरच्या जुन्या इमारतींत, एकेका खोलीत अनेक कारागीर मांडी घालून बसलेले असतात, बरेचसे बंगालमधले. हात सोन्यासारखा, पण जागा अपुरी आणि समोर अनेक पेढ्यांचा माल एकदम. त्या खोल्यांतला केरसुद्धा वाया जात नाही. झाऱ्यातून कण वेचणाऱ्या झारेकऱ्यांचं पोट पूर्वीपासून त्याच केरावर चालत आलं आहे. कारण पॉलिश करताना झिजलेलं सोनं त्याच केरात पडतं. म्हणून अंगठी परत आल्यावर वजन काही मिलिग्रॅम कमी भरलं, तर लगेच आरडाओरडा करू नये. वाढलं तर मात्र थांबावं. अमेरिकन डायमंड हिऱ्यापेक्षा बराच जड असतो. तीस सेंटचा हिरा साठ मिलिग्रॅमचा, तर त्याच मापाचा अमेरिकन डायमंड साधारण शंभराच्या घरात जातो.

माझ्या अंगठीचं वजन जवळपास तेच भरलं. झळाळीही दृष्ट लागण्यासारखी. पैसे देण्याआधी मी म्हटलं, नंबर वाचून दाखवा. सर्टिफिकेट असलेल्या हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, बहुधा लेझरने नंबर कोरलेला असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, दहापट भिंगाखाली प्रकाश नीट पडला तर दिसतो. मुलगा म्हणाला, नंबर खडा धरणाऱ्या नखाखाली गेलाय, वाचता येणार नाही. हे खरंही असू शकतं. पण अंगठी देताना तो वाचता येत होता, मग आता नखाखाली कसा गेला? सफाईसाठी तर खडा जागचा हलवावा लागत नाही. अंगठी अल्ट्रासॉनिक यंत्राच्या पाण्यात बुडते, वाफेचा फवारा बसतो आणि काम काही मिनिटांत आटोपतं.

मालकांनी सूक्ष्मदर्शक मागवला. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं, कागदाशी ताडून पाहिलं. नंबर होता, पण माझा नव्हता.

फोनाफोनी झाल्यावर उलगडा झाला. कारागिराला नखं झिजलेली दिसली, त्याने चांगल्या मनाने ती भरून द्यायची ठरवली. नख भरायचं तर डाग द्यावा लागतो, म्हणून खडा बाहेर काढला. त्याच वेळी तशीच सहा नखांची, तशाच तीस सेंटची आणखी एक अंगठी त्याच्याकडे होती. दोन्ही खडे एकाच वाटीत. माझा हिरा रंगाच्या प्रतवारीत ‘जी’, मला आलेला ‘आय’. अंगठीत बसवल्यावर हा फरक माझ्या सात पिढ्यांना कळला नसता. ती चोरी नव्हती असं मी आजही मानते. पण ज्या बाईच्या अंगठीत माझा हिरा गेला होता, तिची पावती मी मालकांच्या हातात पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं : पांढरा खडा, नग एक. माझा हिरा मला परत मिळाला तो माझ्या पावतीवरच्या नंबरामुळे, आणि तिचा तिला मिळाला तोही त्याच नंबरामुळे.

तेव्हापासून ओळखीतल्या बायकांना मी हेच सांगत आले आहे. सफाईचं यंत्र दुकानात आहे का, हे आधी विचारा. असेल तर समोर बसून करून घ्या. नसेल तर अंगठी कुठे जाणार ते पावतीवर येऊ द्या. देण्याआधी भिंगातून खडा स्वतः बघा, फोनवर वरून आणि बाजूने फोटो काढा. एखादा काळा ठिपका, एखादी पिसासारखी भेग दिसली तर त्याची जागा लक्षात ठेवा, कारण हिऱ्याची ओळख त्याच्या दोषातच असते. सोन्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ अॅपवर ताडून बघता येतो, पण तो सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो. हिऱ्याबद्दल हॉलमार्क अवाक्षर काढत नाही. हिरा तपासणाऱ्या टेस्टरच्या पिपाणीवरही विसंबू नका. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही हिराच असतो, टेस्टर त्यालाही वाजतो, वजनातही फरक पडत नाही. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सर्टिफिकेट नसेल तर एकदा प्रयोगशाळेतून करून घ्या. त्यासाठी लागणारा पैसा आपण एका लग्नाच्या आहेरात घालवतो.

आणि ‘फ्री क्लीनिंग’ला भुलू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोफत दिलेली सेवा ‘सेवा’ म्हणून धरलेलीच नाही. दागिना त्याच पेढीवर घेतलेला असेल तर सफाई विक्रीचाच भाग होती असं म्हणता येतं. दुसरीकडचा असेल तर वाद घालत बसावं लागतं. त्यापेक्षा शंभर-दोनशे रुपये द्या आणि बिल घ्या. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. सेवा मोफत असली तरी सराफ अगदीच मोकळा सुटत नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घ्यावी, हे १८७२चा करार कायदा सांगतोच.

खरं तर सफाईसाठी पेढीवर वारंवार जायची गरजच नाही. हिऱ्याला पाणी धरत नाही, पण तेलकटपणा धरतो. किंबर्लीच्या खाणींत चरबी फासलेल्या तक्त्यांवरून खडी-पाणी सोडत. हिरे चिकटून राहत आणि बाकीचे दगड वाहून जात. कणीक मळताना, डोक्याला तेल लावताना आपण तेच करतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, खड्याच्या खालच्या बाजूने हलक्या हाताने, मग मलमलने कोरडी. टूथपेस्ट नको, ब्लीच तर मुळीच नको. मोती आणि पाचू साबणात बुडवू नका. हे सगळं वाडग्यात करा, बेसिनवर नको; बेसिनवरच करायचं असेल तर आधी जाळीला बूच लावा.

पेढीवर वर्षातून एकदा जा, ते नखं तपासायला. अंगठी कानाशी धरून हलकेच टिचकी मारा. खडा सैल असेल तर खुळखुळतो. मात्र दसरा-दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नका. तेव्हा कारागिरांकडे कामाचा ढीग असतो, त्यातले काही गावी गेलेले असतात, आणि वाट्या तेवढ्याच असतात.