हत्ती आणि मुंगी

तुकोबारायांचा लहानपण मागणारा अभंग ज्याला पाठ नाही असा वारकरी विरळा. त्यात मुंगीला साखर आहे आणि ऐरावताला अंकुश आहे. कीर्तनात बहुधा असे निरूपण होते की, थोर म्हणून हत्तीने मार खाल्ला, तेव्हा बाबांनो, लहानच राहा. आम्हांस एवढा अर्थ पुरेसा वाटत नाही. आमच्या बीड जिल्ह्यात तर मुळीच नाही.

रानच्या हत्तीला कोणी अंकुश मारतो काय? त्याला धरले, साखळदंडाने बांधले, पाठीवर अंबारी चढविली, मग माहूत आला आणि अंकुश आला. ऐरावत हे समुद्रमंथनातले रत्न. पण रत्न म्हटले की त्याला धनी आला, आणि तो इंद्राच्या दारी बांधला गेला. मार अंगाच्या आकाराला नाही, पराधीनतेला आहे. मुंगीला धनी नाही.

बळाचा हिशेब पाहावा तर तोही उलटाच. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते. चार टनांच्या हत्तीला स्वतःएवढे ओझे पेलवत नाही. शरीर लांबी, रुंदी, उंचीने दुप्पट झाले तर वजन आठपट होते, स्नायूंचे बळ मात्र चौपटच. म्हणजे यात मुंगीचा पराक्रम नाही, ते लहान देहाचे देणे आहे. आणि त्याच लहानपणामुळे पाण्याच्या एका थेंबात ती अडकते. केनिया देशात बाभळीच्या जातीच्या एका झाडावर मुंग्यांची वस्ती असते. हत्ती त्या झाडाला सहसा सोंड लावीत नाहीत, असे २०१० साली संशोधकांनी दाखविले. सोंडेच्या आतला भाग फार नाजूक, तिथेच त्या चावतात!

गीतेच्या ५ व्या अध्यायातला १८ वा श्लोक पाहा. ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, श्वपाक, एवढेच त्यात आहेत. कीटक नाही. माउलींनी भाष्य करताना गजाशेजारी मशक, म्हणजे चिलट, स्वतः आणून बसविले. त्यांनी मशकाला थोर म्हटले नाही की गजाला हलके ठरविले नाही. ज्ञानदृष्टीला तो भेदच उरत नाही म्हणाले.

असो. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची गावेच्या गावे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. राज्याची साखर यांच्याच हातच्या उसाची, आणि अंकुशही यांच्याच माथी. यांना 'लहान राहा' म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? तुकोबांनी लहानपण देवापाशी मागितले, मुकादमापाशी नव्हे. त्यांच्या घरी सावकारी होती. खतांचे दोन वाटे करून एक त्यांनी धाकट्या भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. अभंगाचे निरूपण करताना बुवांनी ही कथाही लावावी.